पाटीचं माप

कुणीतरी म्हटलंय की पूर्वी माणसं नियमांशिवाय नीट वागायची, आता संस्कार उरले नाहीत. संस्कारांचं जाऊ द्या, निदान काही पेशांत वागणं चक्क लिहून ठेवलंय, अगदी दारावरच्या पाटीपर्यंत. डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे पाटी अवाजवी मोठी नको, तिच्यावर नाव, पदवी, विशेष शाखा, नोंदणी क्रमांक एवढंच. जिथे आपण राहत किंवा बसत नाही अशा ठिकाणी किंवा औषधाच्या दुकानावर पाटी लावणंही गैर. आता आपल्या नाक्यावरचं मेडिकल आठवून बघा!

वकिलांचं याहून कडक. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या संस्थेच्या नियमांनुसार आपण पूर्वी न्यायाधीश किंवा अॅडव्होकेट जनरल (राज्य सरकारचा मुख्य वकील) होतो हे पाटीवर लिहायचं नाही. म्हणजे पक्षकाराने नाव बघून यावं, जुन्या खुर्चीला बघून नव्हे.

आमचे जुने डॉक्टर गावाला गेले की दारावर खडूने लिहायचे, 'सोमवारपासून भेटतील.' तेवढीच त्यांची जाहिरात. त्यांनी नियम वाचले असतील असं मला वाटत नाही. पण परवा एका दवाखान्यात गेलो तर भिंतभर डॉक्टरांचेच फोटो, पुढाऱ्यांसोबतचे, आणि फी किती ते मात्र कंपाउंडर कानात सांगतो. इथे संस्कार कमी पडले म्हणायचं की तक्रार करणारे?

(गाडीच्या काचेवर 'अॅडव्होकेट' चिकटवून नो पार्किंगमध्ये उभे राहणारे, तुमच्याबद्दल नंतर बोलू.)