किराणा, वाणसामान की आणखी काही?

भाषांतरवाली: एका कथेचा अनुवाद करतेय. बाई 'ग्रोसरीज' घेऊन घरी येते, कागदी पिशवीतून सेलरीचा शेंडा डोकावतोय. मी 'किराणा' लिहिलं. संपादकबाईंनी समासात खरडलंय, "किराण्यात पाला कधीपासून?" बरोबर आहे त्यांचं. मग लिहू काय?

निखळ: 'वाणसामान' लिहा. अस्सल मराठी शब्द असताना किराणा कशाला?

खडूस: अस्सल? त्यातलं 'सामान' फारसी. 'जिन्नस' म्हणाल तर तो अरबी. उलट किराणाच संस्कृत 'क्रयाणक'वरून आलाय, म्हणजे विकाऊ माल. गुजरातीत 'करियाणुं'. क्रय, विक्री ही सगळी त्याचीच भावंडं.

निखळ: बरं, 'वाण' तरी आपलं ना? संक्रांतीला लुटतात ते?

आत्याबाई: ते वाण निराळं हो! हे वाण्याकडचं, आणि वाणी आला 'वणिक्'वरून. लहानपणी महिन्याची यादी लिहायचं काम माझ्याकडे. 'तूरडाळ, तांदूळ' लिहिलं की आजोबा काट मारायचे. "हे भुसार. किराणा म्हणजे हळद, जिरं, मिरी, सुपारी, खोबरं." मग दोन चिठ्ठ्या. जुन्या पाट्यांवर 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' असतं ते उगीच नाही.

खडूस: हे झकास जुळतंय. इंग्रजी 'ग्रोसर' मुळात ठोक माल विकणारा, आणि लंडनच्या ग्रोसरांचा संघ निघाला मिरीवाल्यांच्या संघातून. त्या मिरीवाल्यांची नोंद ११८० सालची आहे. म्हणजे त्यांचाही किराणा तुमच्या आजोबांच्या चिठ्ठीतलाच.

चहाबाज: मग किराणा घराण्याचे गवई कोणत्या वाण्याकडचे?

खडूस: तो किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातलं कैराना गाव. अब्दुल करीम खाँ तिथले.

चहाबाज: पण राहिले मिरजेत. म्हणजे आमचेच!

आत्याबाई: गाणं राहू द्या, त्या पोरीचं अडलंय. 'बाजारहाट करून आली' म्हण गं सरळ. त्यात भाजीपण येते.

निखळ: 'बाजार' फारसी आहे.

खडूस: आणि 'हाट' संस्कृत 'हट्ट'वरून. घ्या, अर्धं तुमचं, अर्धं त्यांचं.

निखळ: मला अर्धं नको. आणि दुकानातून नुसती सेलरी आणली तर तो बाजारहाट कसला?

भाषांतरवाली: मी 'पिशव्या घेऊन आली' लिहून पाठवलंसुद्धा. आता बाई विचारतायत, सेलरीला मराठीत काय म्हणतात.