सहा माणसे, काळी माती आणि वीस लाखांची मर्यादा: कोणती एसयूव्ही घ्यावी?

पांदणवाट_दारव्हा

नमस्कार मंडळी. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे. घरात आईबाबा, आम्ही दोघे आणि शाळेत जाणारी दोन मुले अशी सहा माणसे असून आजवर एका जुन्या हॅचबॅकवर आमचे भागले. आता बाबांना हृदयाच्या उपचारासाठी ठरावीक काळाने नागपूरला न्यावे लागते, आणि आईचे गुडघे इतके दुखतात की बुटक्या गाडीतून उठताना तिला दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागतो. म्हणून कापसाचे पैसे हाती आले की मध्यम आकाराची एसयूव्ही घ्यायचे घरात ठरले आहे. ऑन-रोड वीस लाखांच्या पुढे जाण्याची आमची ऐपत नाही.

गावातून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत काळ्या मातीची वाट आहे आणि तिच्यावर नाल्याचा एक रपटा (पावसात पाण्याखाली जाणारा बुटका पूल) आहे. पुढे यवतमाळपर्यंतचा रस्ता बरा आहे. नागपूरला जाताना आम्ही कारंजा लाडहून समृद्धी महामार्गावर चढतो. अधूनमधून शेगाव आणि वर्षातून एकदा माहूरगड होतोच. वर्षाकाठी गाडी बारा ते चौदा हजार किलोमीटर चालेल. ह्युंदाईची क्रेटा, होंडाची एलिव्हेट आणि मारुतीची ग्रँड व्हिटारा या गाड्या पाहून झाल्या आहेत, तर धाकट्या भावाचा आग्रह महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचा आहे. शोरूममध्ये सनरूफ आणि स्क्रीनच्या आकाराविषयी भरपूर सांगतात. चिखल आणि आईचे गुडघे यांविषयी मात्र मला कोणीच नीट सांगू शकले नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वर्धेकर

भाऊ, आपण दिलेल्या माहितीत सर्वांत महत्त्वाचा आकडा सहा हा आहे, आणि पाहिलेल्या तिन्ही गाड्या पाच आसनांच्या आहेत. मूल लहान आहे, मांडीवर बसेल, हा आपल्याकडचा जुना हिशेब समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला अजिबात लागू पडत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १००० रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा, अचानक ब्रेक लागला तर मांडीवरचे मूल कोणाच्याही हातात राहत नाही. म्हणून घरातील सहाही जण एकत्र किती वेळा निघतात, हे आधी घरात बसून ठरवा. शेगाव आणि माहूर एवढेच प्रसंग असतील तर पाच आसनांची गाडी घेऊन त्या दिवशी दुसरी गाडी भाड्याने करणे परवडते. तसे नसेल तर क्रेटाचीच लांब भावंड असलेली अल्काझार आणि स्कॉर्पिओ-एन यांच्याकडे पाहावे लागेल.

गुडघ्यांच्या बाबतीत उंच गाडी म्हणजे सोयीची गाडी असे समजू नका. बसताना माणसाला ना खाली वाकावे लागावे, ना वर चढावे लागावे. उभ्या माणसाच्या मांडीच्या उंचीला सीट आली की तो नुसता मागे टेकतो आणि पाय आत घेतो. क्रेटा आणि एलिव्हेट यांची सीट साधारण त्या उंचीला येते. स्कॉर्पिओ-एन ही चॅसिसवर, म्हणजे वेगळ्या पोलादी सांगाड्यावर, बांधलेली गाडी असल्यामुळे तिच्या आतली जमीनच उंच आहे, पायरीवर एक पाय ठेवून शरीराचा सगळा भार त्याच गुडघ्यावर घ्यावा लागतो, आणि आईंना नेमके तेच जमणार नाही. तिसऱ्या रांगेत शिरायला मधली सीट दुमडावी लागते, त्यामुळे तिथे मुलेच बसतील आणि ती रांग उभी असताना डिक्कीत दोन पिशव्यांपलीकडे फारसे काही मावणार नाही, हेही लक्षात घ्या.

बाबांच्या प्रवासासाठी मागच्या सीटला एसीचे स्वतंत्र झरोके असणे मी अत्यावश्यक मानतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. काचेच्या छताखाली पातळ कापडी पडदा असला तरी दुपारी डोक्यावर ऊन जाणवतेच; तो पैसा सनरूफवर घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पुसदचा_चालक

चिखलाविषयी लिहितो, कारण माझी गाडीही अशाच वाटेने रोज जाते.

माहितीपत्रकातला ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, एलिव्हेटचा २२० मिमी, ग्रँड व्हिटाराचा २१० मिमी आणि क्रेटाचा १९० मिमी आहे. हे आकडे बहुधा रिकाम्या गाडीचे असतात. पाच माणसे बसली, डिक्कीत खताची दोन पोती पडली की स्प्रिंग दबतात आणि गाडी चांगलीच खाली येते. अशा वेळी मुळात जास्त उंची असलेल्या गाडीला रपट्याच्या कडेला पोट घासण्याची भीती कमी राहते. रपट्यावर मात्र मधल्या उंचीपेक्षा समोरच्या बंपरची खालची कड आधी टेकते, म्हणून गाडी पाहायला जाल तेव्हा खाली बसून ती कड चाकाच्या किती पुढे आणि किती खाली आहे ते डोळ्यांनी पाहा.

आता काळी माती. ती ओली झाली की टायरच्या खाचांत गच्च बसते आणि काही हात अंतर गेल्यावर टायर पूर्ण गुळगुळीत होतो. मग पुढची दोन चाके फिरोत की चारही, पकड मिळत नाही. त्यातही चाक आणि वरच्या प्लास्टिकच्या आवरणामध्ये जागा कमी असेल तर चिखल तिथे थरावर थर साचतो, चाक जड होते आणि कधीकधी आवरणाच्या क्लिपा तुटून ते लोंबू लागते. ग्रँड व्हिटाराला आणि तिच्या टोयोटा भावंडाला चारही चाकांना ताकद देणारी व्यवस्था मिळते, आणि माहूरच्या ओल्या घाटात किंवा मुरमाच्या चढावर तिचा खरोखर उपयोग आहे. पण निव्वळ काळ्या चिखलासाठी तिच्यावर जादा पैसे खर्च करू नका. स्कॉर्पिओ-एनच्या साध्या व्हेरियंटमध्ये ताकद मागच्या चाकांना जाते आणि निसरड्यात गाडीची मागची बाजू बाजूला सरकते. भावाला तिची सवय असेल, घरातील इतर चालवणाऱ्यांना आहे का, हा विचार करावा.

याहून जास्त फरक टायरने पडतो. सोळा इंची रिमचा व्हेरियंट घ्या. सतरा-अठरा इंची अलॉय दिसायला छान, पण टायरची भिंत बुटकी असल्यामुळे खड्ड्यात रिम वाकण्याचा आणि टायर फुगण्याचा धोका वाढतो. स्टेपनी चारही चाकांच्याच मापाची आहे का तेही तपासा. अनेक महागड्या व्हेरियंटमध्ये ती लहान मापाची असते. समृद्धीवर निघण्यापूर्वी, टायर थंड असताना हवा तपासणे हा नियमच करा. कारंज्यापर्यंत गाडी चालवून टायर तापल्यावर मोजलेला दाब फसवा असतो.

हिशेब_अकोला

इंधनाचा हिशेब मांडून दाखवतो. वर्षाला १४,००० किलोमीटर धरा. पेट्रोलची गाडी आपल्या मिश्र वापरात लिटरला १३ आणि डिझेलची १७ देते असे समजू; पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९१ रुपये लिटर धरले तर पेट्रोलचा खर्च साधारण १ लाख १२ हजार आणि डिझेलचा ७५ हजार येतो. वर्षाला ३७ हजारांची बचत. आता एकाच व्हेरियंटमध्ये डिझेल गाडी दीड लाखाने महाग मिळते असे धरा. शिवाय महाराष्ट्रात डिझेलचा रोड टॅक्स पेट्रोलपेक्षा दोन टक्क्यांनी जास्त आहे, म्हणजे आणखी तीसेक हजार. फरक भरून निघायला सुमारे पाच वर्षे लागतात. आपण गाडी दहा वर्षे वापरणार असाल तर डिझेल परवडते. चार-पाच वर्षांत बदलणार असाल तर नाही. आपल्या शोरूमचे कोटेशन घेऊन हेच गणित पुन्हा मांडा.

पैशांपलीकडचीही एक बाजू आहे. क्रेटाचे दीड लिटरचे साधे पेट्रोल इंजिन ११५ पीएस ताकद आणि १४४ न्यूटन-मीटर टॉर्क (चाके फिरवणारा जोर) देते, एलिव्हेटचे १२१ पीएस आणि १४५ न्यूटन-मीटर. डिझेल क्रेटाचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे आणि तो इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच मिळतो. भरल्या गाडीने माहूरगड चढताना किंवा कापसाने लादलेल्या ट्रकला ओलांडताना हा फरक जाणवतो. एलिव्हेट आणि ग्रँड व्हिटारा यांच्यात डिझेल नाही. ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडचा (पेट्रोल इंजिनाला बॅटरी आणि मोटरची जोड असलेल्या गाडीचा) कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे खरा, पण ती बचत मुख्यतः थांबत-चालत जाणाऱ्या शहरी रहदारीत होते, आणि बॅटरीमुळे डिक्की लहान होते. तुमच्या वाटेला ती सोयीची नाही.

डिझेल घेतल्यास एक पथ्य पाळावे लागते. आताच्या बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या) डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती काजळी जळून जाण्यासाठी इंजिन काही वेळ सलग वेगात चालावे लागते. गाडी नुसती गाव ते दारव्हा फिरली तर गाळणी तुंबते. तुमची नागपूरची फेरी ठरलेली असल्यामुळे ही अडचण तुम्हाला येऊ नये.

पांदणवाट_दारव्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी बोलणे झाले. सहाही जण एकत्र जाण्याचे प्रसंग आम्ही समजत होतो त्याहून जास्त निघाले, कारण बाबांना नेताना मुलांना घरी ठेवायला कोणी नसते. त्यामुळे आता अल्काझारचा खालचा डिझेल व्हेरियंट आणि स्कॉर्पिओ-एन एवढाच प्रश्न उरला आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने भाऊ स्कॉर्पिओकडे बोट दाखवतो. शिवाय सर्व्हिसचे काय?

वणीकर

भावाच्या म्हणण्यात तथ्य आहे. स्कॉर्पिओ-एनला डिसेंबर २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे दिले. पण त्याच चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी तीनच तारे मिळाले, आणि तुमच्याकडे मागे मुलेच बसणार आहेत. उलट, अल्काझार जिची भावंड आहे त्या आधीच्या क्रेटाला एप्रिल २०२२ मध्ये तीन तारे होते; त्यानंतर गाडीत बदल झाले असून सहा एअरबॅग आता सर्व व्हेरियंटमध्ये येतात. सुरक्षिततेवर एका गाडीला निर्विवाद वरचढ म्हणता येत नाही, त्यामुळे आईंचे गुडघे आणि मुलांची जागा यांवर निर्णय घ्यावा असे मला वाटते, आणि तिथे अल्काझार पुढे आहे.

सर्व्हिसबाबत शोरूमच्या शब्दावर विसंबू नका. आमच्या ओळखीतील एका गाडीचा साधा सेन्सर येईपर्यंत ती वर्कशॉपमध्ये खूप दिवस अडकून पडली होती. यवतमाळ किंवा अमरावतीच्या वर्कशॉपच्या फाटकाशी सकाळी उभे राहा आणि बाहेर पडणाऱ्या गाडीवाल्यांना विचारा; खरे उत्तर तिथे मिळते. खेड्यात उंदरांचाही विचार करावा लागतो. घरात सरकी किंवा तूर साठवलेली असेल तर ते रात्री इंजिनाच्या उबेला येतात आणि वायरिंग कुरतडतात. असे नुकसान पॉलिसीत येते का, आणि रपट्यावरून जाताना इंजिनात पाणी गेल्यास भरपाई मिळते का, ही दोन्ही उत्तरे विमा घेताना लेखी घ्या. पाण्यासाठी बहुधा इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते, आणि तुमच्या वाटेला ते घ्यायलाच हवे.

बुकिंगचे पैसे देण्यापूर्वी टेस्ट ड्राइव्हची गाडी गावात मागवा. शोरूमवाले कुरकुर करतील, तरी आग्रह धरा. सहाही जण बसा, आईंना स्वतःहून चढू-उतरू द्या, मुलांना मागच्या रांगेत बसवा आणि गाडी तुमच्याच वाटेने रपट्यापर्यंत नेऊन आणा.