अंगावर पाजताना घेतलेली लस, आलेला ताप : तुमचे अनुभव लिहा

मैत्रिणीचं बाळ पाच आठवड्यांचं आहे. परवा तिचा फोन आला. कोविडची तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून बाळाला लगेच वरचं दूध सुरू केलं, आणि दोन दिवस ती स्वतःचं दूध काढून मोरीत ओतत होती. ऐकून पोटात तुटलं. तिला म्हटलं, आधी बाळाला जवळ घे, बाकीचं मग बोलू. मास्क लावा, हात धुवा, पाजणं थांबवू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 पासूनच सांगितलेलं आहे. भीती मात्र गेलेली नाही. पाजत असताना ज्यांनी लस घेतली किंवा आजार काढला, त्यांनी इथे लिहा.

सुरुवात मीच करते. 2021 मध्ये लेक चार महिन्यांची असताना मी एमआरएनए प्रकारातली (कोविडची एक नव्या पद्धतीची) लस घेतली. एका अभ्यासासाठी दुधाचे नमुने हवे होते. पहिल्या डोसच्या आधीपासून दर आठवड्याला मी छोट्या बाटलीत दूध भरून देत होते. पहिल्या डोसनंतर दुधात थोड्या अँटीबॉडीज (जंतूशी लढणारी प्रथिनं) दिसल्या, दुसऱ्यानंतर त्यातल्या आयजीजी या प्रकारच्या एकदम वाढल्या. त्या रात्री लेकीला पाजताना किती वेळ तिच्याकडे नुसती बघत बसले होते!

जुळ्यांची आई
मला लस मिळायच्या आधीच कोविड झाला, बाळं दहा दिवसांची असताना. ताप, अंगदुखी आणि दोघांना आळीपाळीने पाजणं. पाजून झालं की नवरा त्यांना दुसऱ्या खोलीत न्यायचा. बाळांना दोन दिवस नाक गळण्यापलीकडे काही झालं नाही. दुधामुळेच वाचली असं मी छातीठोक म्हणणार नाही, लहान बाळांना तो आजार बहुधा सौम्यच व्हायचा. पण डॉक्टरांनी समजावलं ते लक्षात राहिलं. आजारानंतर दुधात मुख्यतः आयजीए ही दुसऱ्या प्रकारची अँटीबॉडी येते. आईच्या आतड्यात आणि श्वासमार्गात त्या जंतूला ओळखायला शिकलेल्या पेशी स्तनात येऊन वसतात आणि तिथेच ती तयार करतात. बाळाच्या रक्तात ती फारशी जात नाही. घशाच्या, आतड्याच्या अस्तरावर बसून जंतूला तिथेच अडवते. सहज पचूनही जात नाही.

एक आई
माझा अनुभव वाईट आहे. फ्लूची लस घेतल्यावर एका दवाखान्यात सांगितलं, 48 तास पाजू नका. मी मुकाट्याने ऐकलं. दूध दाटून गाठी झाल्या, थंडी वाजून ताप आला, शेवटी प्रतिजैविकं घ्यावी लागली. त्या लसीसाठी पाजणं थांबवायची काहीच गरज नव्हती हे नंतर कळलं. अजून राग येतो. फ्लूची लस बाळाला सहा महिन्यांआधी देताच येत नाही, मग तोवर आईने घेतलेली लसच त्याच्या कामी येणार ना?

मिल्क बँकेतली सिस्टर
साठवलेल्या दुधाबद्दल नेहमी विचारतात. फ्रीझरमधल्या दुधात अँटीबॉडीज बऱ्याच टिकतात. बँकेत जंतू मरावेत म्हणून दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवतो, त्यात काही भाग जातो, सगळा जात नाही. सगळ्यात जास्त आयजीए पहिल्या दिवसांच्या चिकात. थेंबभर आला तरी तो बाळाला द्या, हे मी रोज सांगते.

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते
1892 मध्ये पॉल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने उंदरांच्या पिल्लांची अदलाबदल केली होती. साध्या मादीची पिल्लं विषाला सरावलेल्या मादीने पाजली, तर त्यांनाही संरक्षण मिळालं. फक्त उंदरांचं माणसाला जसंच्या तसं लावू नका. उंदराच्या पिल्लाच्या आतड्यातून आयजीजी भरपूर रक्तात जाते, आपल्या बाळांना ती मुख्यतः नाळेतून, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मिळते. डांग्या खोकल्याची लस 27 ते 36 आठवड्यांत द्यायची शिफारस त्यासाठीच आहे.
आणि पाजताना लस घेण्याबाबत एक अपवाद. पीतज्वराच्या लसीत जिवंत विषाणू असतो, आईकडून अगदी लहान बाळाला त्याचा संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत. ती डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका.

वाचनमात्र होते, आज लिहिते आहे
मला दूध आलंच नाही. सगळे उपाय केले. असे धागे वाचताना जीव तुटतो. माझं बाळ उघड्यावर पडलं का?

धागा काढणारी
नाही गं, अजिबात नाही. नाळेतून दिलेलं तू दिलं आहेसच, आणि त्याच्या स्वतःच्या लसी आहेत. दुधातल्या अँटीबॉडीज असल्या तरी त्या लसी आम्हालाही चुकत नाहीत, कारण पाजणं थांबलं की हे संरक्षण थोड्याच दिवसांत संपतं. लसी वेळेवर देते आहेस ना?

मैत्रिणीचा निरोप आला आहे. काल रात्रीपासून बाळ पुन्हा अंगावर पितं आहे. पहिल्यांदा तोंड फिरवलं, मग धरलं.