मदत हवी आहे: ट्रीने सगळी रॅम खाल्ली

मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी पॅकेट क्लासिफिकेशनचं (नेटवर्कच्या कुठल्या पॅकेटला कुठला रूल लागतो ते शोधणं) हायकट्स, म्हणजे आयपी-पोर्टच्या रेंजचे समान तुकडे (कट) करत डिसिजन ट्री बांधणारं अल्गोरिदम, सी++मध्ये लिहिलंय, रूल्स क्लासबेंचनी (टेस्टसाठी रूल्स बनवणारं टूल) जनरेट केलेत. एसीएलचा (ॲक्सेस कंट्रोल लिस्टचा) सेट मस्त चालतो पण फायरवॉलचा टाकला की ट्री बांधता बांधताच लॅपटॉप मान टाकतो. कारण कळलंय तसं, सोर्स आयपीला * (म्हणजे काहीही चालेल) असलेला रूल प्रत्येक कटमध्ये कॉपी होतो, म्हणजे 32 कट केले की 32 कॉप्या आणि खाली सोर्स पोर्टवर (तिथेही *च) परत 32 केले की 1024, एकाच रूलच्या! लीफमध्ये रूलऐवजी 4 बाइटचा इंडेक्स ठेवला, सेम रूल्सवाले चाइल्ड नोड मर्ज केले, बिंथ (लीफमध्ये जास्तीत जास्त किती रूल ठेवायचे तो आकडा) 8 चं 16 केलं (लीफमधला लिनियर सर्च वाढला तो वेगळाच). थोडा फरक पडला, पण रोग तोच.

आता 2010 च्या एफिकट्ससारखं (अशाच ट्रीची मेमरी कमी करणारी पद्धत) मोठ्या आणि छोट्या रेंजचे रूल वेगळे करून दोन-चार ट्री बांधाव्यात असं डोक्यात आहे, पण मग प्रत्येक पॅकेटला सगळ्या ट्री धुंडाळाव्या लागणार ना? कोणी केलंय का हे? "मोठी" रेंज म्हणजे किती धरता, आयपी आणि पोर्टला वेगवेगळी का? की आधी एसपीफॅकच (एका नोडला किती कट चालतील ते ठरवणारा फॅक्टर) 4 वरून 2 वर आणू? गाइड सर म्हणतात टीकॅम (सगळे रूल एकदम तपासणारी हार्डवेअर मेमरी) वापर, अहो पण प्रोजेक्टच सॉफ्टवेअरचा आहे. गुरुवारी डेमो आहे, जरा लवकर सांगा प्लीज.