छायाचित्राला ललित कलेचा दर्जा कसा मिळाला?

गिरगावकर

छायाचित्रण ही ललित कला आहे की नाही हा वाद मिटला आहे, असे आपण सगळे धरून चालतो. परंतु तो कोणी, कधी आणि कोणत्या युक्तिवादाच्या बळावर मिटवला, याचा सलग वृत्तांत मला मराठीत कुठे वाचायला मिळालेला नाही. माझी उमेदीची वर्षे छापखान्याच्या प्रोसेस खात्यात गेली. तिथे निगेटिव्ह म्हणजे पुढच्या कामाचा कच्चा माल असे, आणि एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्लेटी काढता येतात हाच तिचा मोठा गुण मानला जाई. त्यामुळे काळा घोडा परिसरातल्या एखाद्या दालनात छायाचित्राखाली पेन्सिलीने ‘5 पैकी 2’ (म्हणजे एकूण पाच प्रतींतली दुसरी) असे लिहिलेले आणि शेजारी तैलचित्राच्या तोडीची किंमत लावलेली दिसली, की मी बुचकळ्यात पडतो.

चित्रकाराचा हात कॅनव्हासवर चालतो, शिल्पकाराचा दगडावर; इथे बरेचसे काम प्रकाश आणि रसायन करतात. मग छायाचित्रकाराचे कर्तृत्व नेमके कशात मानले गेले, आणि ते मान्य होण्यात विचारांचा वाटा किती व बाजाराचा किती? जाणकारांनी सवडीने लिहावे. ‘कला पाहणाऱ्याच्या नजरेत असते’ या छापाची उत्तरे मात्र कृपया देऊ नयेत.

अंधारखोली

गिरगावकर, सुरुवातीलाच एक गोष्ट बाजूला काढू. आपल्याला खटकते ती प्रतींची संख्या, पण मूळ आक्षेप त्यावर नव्हता. 19 ऑगस्ट 1839 रोजी पॅरिसमध्ये विज्ञान आणि ललित कला या दोन्ही अकादमींच्या संयुक्त सभेत दागेर याची छायाचित्रणाची पद्धत, म्हणजे दागेरोटाइप, जाहीर झाली. चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर उमटणारे ते चित्र एकमेव असे. त्याला निगेटिव्हच नसे. निगेटिव्हवरून प्रती काढण्याची रीत इंग्लंडमधल्या टॅलबटची, जिचे पेटंट त्याने 1841 मध्ये घेतले. एकमेव असूनही दागेरोटाइपला कलाकृतीचा मान मिळाला नाही. आक्षेप होता तो असा, की या चित्रात मनाचा हात कुठेच लागलेला नाही.

1859 मध्ये पॅरिसच्या वार्षिक कलाप्रदर्शनाच्या इमारतीत छायाचित्रांना प्रथमच जागा मिळाली, पण त्यांचे प्रवेशद्वार निराळे ठेवण्यात आले होते. त्याच प्रदर्शनाविषयी लिहिताना बोदलेर या कवीने छायाचित्रणावर कडाडून टीका केली. मुद्रणकला किंवा लघुलेखन यांनी जशी साहित्याची सेवा करावी, तशी छायाचित्रणाने विज्ञानाची आणि कलांची नम्र सेवा करावी, त्याहून वर चढू नये, असा त्याचा आशय होता. (बोदलेरचा चेहरा आज जगाला माहीत आहे तो मुख्यतः नादार आणि कार्जा यांनी काढलेल्या छायाचित्रांमुळे, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

विशेष म्हणजे हा प्रश्न पुढे सरकवला तो समीक्षकांनी नव्हे, तर वकिलांनी. मेयर आणि पिअर्सन या पॅरिसच्या स्टुडिओने इटलीचे मुत्सद्दी काव्हूर यांचे छायाचित्र काढले होते. दुसऱ्या व्यावसायिकांनी त्याच्या प्रती करून विकल्या, तेव्हा स्टुडिओ न्यायालयात गेला. फ्रान्समध्ये त्या वेळी लेखनाच्या आणि कलेच्या कृतींनाच संरक्षण होते, त्यामुळे छायाचित्र ही कलाकृती आहे हे सिद्ध केल्याशिवाय दावा टिकणार नव्हता. खालच्या न्यायालयात स्टुडिओ हरला, पण 1862 मध्ये अपिलात जिंकला आणि वरिष्ठ न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. अ‍ँग्रसारख्या नामवंत चित्रकारांनी छायाचित्राला कलेच्या पंक्तीत बसवण्याविरुद्ध लेखी निषेध नोंदवला होता, तो उपयोगी पडला नाही.

अमेरिकेतला 1884 चा निकाल त्याहून बोलका आहे. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनी यांनी 1882 मध्ये ऑस्कर वाइल्डचे छायाचित्र घेतले, आणि एका लिथोग्राफ कंपनीने त्याच्या 85,000 प्रती छापल्या. यंत्राने टिपलेल्या प्रतिमेला कोणी कर्ता नसतो, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. वाइल्डला कसे बसवायचे, वेष आणि पडदे कोणते, उजेड कुठून घ्यायचा, चेहऱ्यावर कोणता भाव आणायचा, हे सगळे सरोनी यांनी आधी मनात योजले होते आणि छायाचित्र हे त्या योजनेचे फळ आहे, असे न्यायालयाने मानले. कर्तृत्व कशात, या आपल्या प्रश्नाचे पहिले अधिकृत उत्तर हेच: निवडीत आणि मांडणीत. ते मिळाले ते चोरून छापलेल्या प्रतींमुळे, म्हणजे बाजारामुळे; विचार आणि बाजार यांचे वाटे वेगळे काढता येतील असे मला म्हणूनच वाटत नाही.

वांद्रेपूर्व

अंधारखोली यांनी न्यायालयांना जरा जास्तच श्रेय दिले आहे. कायद्याने संरक्षण दिले म्हणून कलाजगताने भिंतीवर जागा दिली असे झाले नाही. सरोनी यांच्या निकालानंतरही मोठी संग्रहालये जवळपास 40 वर्षे दारे उघडत नव्हती.

छायाचित्रकारांनी त्या काळात जी वाट धरली ती मला फारशी पटत नाही, पण ती समजून घ्यावी लागते. कलेचा पुरावा म्हणून हात मागितला जात होता, तेव्हा त्यांनी हात दाखवायला सुरुवात केली. रेलांडर याने 1857 मध्ये तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य रूपकचित्र रचले आणि त्याची एक प्रत व्हिक्टोरिया राणीने विकत घेतली. पुढच्या वर्षी रॉबिन्सन याने पाच निगेटिव्ह जोडून एका मरणासन्न मुलीचे दृश्य केले. शतकाच्या अखेरीस गम बायक्रोमेट आणि नंतर ब्रोमॉइल या पद्धती रूढ झाल्या. यांत छायाचित्राच्या पृष्ठभागावर ब्रश चालवता येई, नको तो तपशील पुसता येई, आणि तयार चित्र कोळशाच्या किंवा लालसर खडूच्या रेखाटनासारखे दिसे. 1888 मध्ये कोडॅक कॅमेरा आल्यावर बटण दाबणे कोणालाही जमू लागले होते. आपण त्या गर्दीतले नाही हे सिद्ध करण्याची निकड या मंडळींना तेव्हापासून अधिकच भासू लागली.

या चळवळीची सूत्रे पुढे आल्फ्रेड स्टिग्लिट्झ यांच्या हाती आली. 1902 मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये फोटो-सिसेशन हा गट स्थापन केला, 1903 पासून ‘कॅमेरा वर्क’ हे अतिशय देखणे नियतकालिक चालवले आणि 1905 मध्ये फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर एक छोटे दालन उघडले. त्या दालनात छायाचित्रांच्या जोडीने रोदँ, मातीस, पिकासो यांची कामेही लागत, ही त्यांची खरी चतुराई. शेजारी काय टांगले आहे यावरून प्रेक्षक एखाद्या वस्तूचा दर्जा ठरवतो, हे त्यांनी ओळखले होते.

माझ्या दृष्टीने निर्णायक वळण आले ते 1917 मध्ये. ‘कॅमेरा वर्क’चा अखेरचा अंक त्या वर्षी निघाला आणि तो पॉल स्ट्रँड या तरुण छायाचित्रकाराला वाहिलेला होता. त्यातली चित्रे धुरकट नव्हती, ब्रशाचा लवलेश नव्हता. न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची माणसे, कुंपणाच्या पट्ट्या आणि भांड्यांच्या सावल्या स्पष्ट, कडक कडांनी टिपलेल्या होत्या. चित्रकलेची नक्कल सोडून कॅमेऱ्याला जे साधते तेच करायचे, हा विचार 1932 मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि एडवर्ड वेस्टन यांच्या ‘एफ 64’ गटाने तर जाहीरनाम्यासारखा मांडला. गटाचे नावही भिंगाच्या अगदी बारीक छिद्रावरून घेतले होते, ज्यामुळे दृश्य जवळपासून दूरपर्यंत सुस्पष्ट येते. चित्रकलेशी स्पर्धा सोडल्यावरच छायाचित्रणाला स्वतःची बाजू सापडली.

संग्रहालयांचा क्रम थोडक्यात सांगतो. स्टिग्लिट्झ यांची छायाचित्रे 1924 मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने आणि 1928 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनने स्वीकारली. 1940 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने छायाचित्रणाचा स्वतंत्र विभाग काढला. तरीही रंगीत छायाचित्र म्हणजे जाहिरात किंवा घरगुती अल्बम, ही समजूत टिकून राहिली. तिथेच 1976 मध्ये विल्यम एगल्स्टन यांची रंगीत छायाचित्रे लागली तेव्हा समीक्षकांनी तोंडे वाकडी केली. लंडनच्या टेट संग्रहालयाने छायाचित्रणासाठी स्वतंत्र अभिरक्षक (क्युरेटर) नेमला तो 2009 मध्ये. वाद मिटला असे म्हणताना ही तारीखही ध्यानात ठेवावी.

उपयोजितवाला

पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या चर्चेत मुंबई राहून जाते आहे, म्हणून लिहितो. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी 1854 मध्ये स्थापन झाली, म्हणजे फ्रान्समधली प्रसिद्ध छायाचित्रण संस्था ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी, आणि आपल्या जे. जे. कलाशाळेच्या तीन वर्षे आधी. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद आणि स्वतः छायाचित्रकार होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये 1855 मध्ये छायाचित्रणाचा वर्गही सुरू झाला. इतक्या लवकर सुरुवात होऊनही इथे छायाचित्र प्रामुख्याने नोंदीचे साधन राहिले: लेणी, इमारती, जातीजमातींचे पेहराव. विल्यम जॉन्सन यांनी 1860 च्या दशकात मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांची जी छायाचित्रे प्रसिद्ध केली, त्यांत स्टुडिओत बसवलेल्या माणसांमागे दुसरीकडची पार्श्वभूमी जोडलेली आढळते. तंत्र रेलांडरच्याच जातीचे, पण तिकडे त्यावर कलेचा वाद झाला आणि इकडे ती वंशशास्त्राची सामग्री ठरली. वसाहतीत कॅमेऱ्याकडून अपेक्षाच वेगळी होती.

दुसरा मुद्दा शिक्षणाचा. 1961 मध्ये जे. जे. च्या आवारात उपयोजित कलेची संस्था स्वतंत्र झाली आणि छायाचित्रणाचे शिक्षण जाहिरात, मांडणी, अक्षरांकन यांच्या सोबतीने तिकडे राहिले. मी तिथलाच विद्यार्थी. प्रकाशयोजना आम्हाला उत्तम शिकवली गेली. परंतु विचार नेहमी ग्राहकाच्या मागणीपासून सुरू होई, आणि पलीकडच्या इमारतीतले चित्रकलेचे विद्यार्थी आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहत हे न सांगितलेले बरे. होमाई व्यारावाला जे. जे. मध्येच शिकल्या. त्यांच्या छायाचित्रांना अनेक दशके वृत्तछायाचित्रे म्हणूनच ओळखले गेले. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या कामाचे सिंहावलोकन मांडले ते 2010 मध्ये, त्यांच्या वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर. वांद्रेपूर्व यांनी रंगाविषयी जे लिहिले त्यातही एक भर घालतो: मुंबईवर रंगीत छायाचित्रांचे पुस्तक करणारे रघुबीर सिंग 1976 च्या त्या गदारोळाच्या आधीपासूनच रंगीत फिल्म वापरत होते, कारण इथले जीवन करड्या छटांत बसवणे त्यांना मान्य नव्हते.

कायद्यापुरते बोलायचे तर आपला 1957 चा कॉपीराइट कायदा कलात्मक कृतीच्या व्याख्येतच छायाचित्र धरतो, आणि त्यात कलागुण असो वा नसो, असेही स्पष्ट म्हणतो. पण मुदतीत दुजाभाव होता. चित्रकाराच्या कृतीला त्याच्या हयातीनंतरही 60 वर्षे संरक्षण मिळे, तर छायाचित्राला प्रकाशनापासून 60 वर्षेच. छायाचित्रकाराच्या हयातीतच त्याचे जुने काम संरक्षणाबाहेर जाणे त्यामुळे शक्य होते. 2012 च्या दुरुस्तीने हा फरक काढून टाकला.

गिरगावकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. प्रतींची संख्या हा मूळ आक्षेप नव्हता हे मान्य. पण मग ‘5 पैकी 2’ आले कुठून? शिवाय निगेटिव्ह एकाची आणि प्रत काढणारा दुसरा असेल, तर सही कोणाची ग्राह्य धरायची?

अंधारखोली

सहीचे सोपे आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स स्वतः प्रती काढत, आणि निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता व प्रत म्हणजे तिचे सादरीकरण, असे ते मानत. उलट फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ यांनी डार्करूमचे काम दुसऱ्यांवर सोपवले होते. दोघांच्याही प्रती संग्रहालयांत आहेत. प्रत कशी हवी हे ठरवून तिला मान्यता देणारा तो कर्ता, असा संकेत आहे. सरोनी निकालातला तर्क इथेही लागू पडतो.

क्रमांकाची पद्धत आपल्याला परकी वाटू नये, कारण ती छपाईकडूनच आली आहे. एचिंग आणि लिथोग्राफ या छापचित्रांच्या मर्यादित प्रती काढून त्यांवर क्रमांक घालण्याची प्रथा चित्रकारांत आधीपासून होती. ठरलेल्या प्रती निघाल्या की प्लेटवर रेघोट्या मारून ती बाद करत. छायाचित्रांना खरेदीदार मिळू लागले तेव्हा, म्हणजे मुख्यतः 1970 नंतर, तीच प्रथा इकडे रुळली. त्याआधी मागणी येईल तशा प्रती निघत. अ‍ॅडम्स यांनी न्यू मेक्सिकोतल्या चंद्रोदयाच्या 1941 मधल्या एकाच निगेटिव्हवरून हजाराहून अधिक प्रती काढल्या, आणि तरी तिची किंमत पडली नाही. एडवर्ड वेस्टन यांचे पुत्र ब्रेट यांनी मात्र 1991 मध्ये, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वतःच्या निगेटिव्ह जाळल्या. आपल्यामागे कोणी प्रती काढू नयेत अशी त्यांची इच्छा होती.

म्हणून दालनात क्रमांक दिसला तर एक प्रश्न अवश्य विचारावा: ही पाचची मर्यादा याच आकाराला आणि याच कागदाला आहे, की सर्व आकारांना मिळून? एगल्स्टन यांनी 2012 मध्ये आपल्या जुन्या, मर्यादित आवृत्तीतल्या काही छायाचित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रती काढून लिलावात विकल्या, तेव्हा जुन्या प्रती बाळगणाऱ्या एका संग्राहकाने त्यांच्यावर दावा लावला. 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो फेटाळला. नव्या प्रती आकाराने आणि प्रक्रियेने भिन्न असल्याने ती वेगळी आवृत्ती ठरते, असे न्यायालयाने म्हटले.