दिवाळीचे कंदील मुलांच्या हातात: ग्रुपवरची चर्चा

ए-२०३ (सांस्कृतिक समिती): आठवी ते दहावीची सहा मुलं कंदील करून विकणार म्हणतायत. ३० नगांचा विचार आहे. भांडवल सोसायटीने द्यावं का?

बी-१०४: द्यावं, पण उसनं. देणगी दिली की हिशेब कोणी लिहीत नाही. कागदावर रक्कम, परतीची तारीख आणि मुलांसोबत पालकांचीही सही. १८ च्या आतल्या मुलाचा करार भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे बंधनकारक नसतो, तेव्हा जबाबदारी पालकांचीच.

सी-५०२: ताई, पैशांच्या आधी कामटीची, म्हणजे बांबूच्या काडीची, लांबी ठरू द्या. नफा-तोटा तिथेच ठरतो. पारंपरिक कंदिलाला सारख्या लांबीच्या २४ कामट्या, म्हणजे ६ चौकोन. कोपऱ्याला कोपरा बांधला की मधे ८ त्रिकोण आपोआप होतात. वरचा-खालचा चौकोन उघडा ठेवायचा. म्हणजे कागद ४ चौकोनांना आणि ८ त्रिकोणांना. पतंगी कागदाचा ताव २० × ३० इंच धरा, चिकटवायला सगळीकडे अर्धा इंच दुमड. कामटी १० इंची घेतली तर तावात चौकोन बसतात २ आणि त्रिकोण ४. एका कंदिलाला ४ ताव लागले. कामटी ९ इंची केली तर तावात चौकोन ६, त्रिकोण ८. तीन कंदिलांना ५ ताव! ३० नगांना १२० च्या जागी ५०. फरक एका इंचाचा. हे मुलांना सांगू नका, ताव आणि पट्टी हातात द्या. स्वतः कापून बघितलं की कायम लक्षात राहतं.

ए-२०३: काका, केवढा फरक! कामटी किती आणायची?

सी-५०२: नगाला १८ फूट, ३० नगांना ५४०. फुटणं धरून ६०० आणा. कागद ५५ ताव. बाजारात तावाचं माप वेगळं निघालं तर गणित पुन्हा मांडायचं.

बी-४०१: चौकोन तिरका होतो, ही सर्वांत मोठी चूक. बांधल्यावर दोन्ही कर्ण मोजा, ९ इंची चौकोनाचा पावणेतेरा इंच यायला हवा. एक चौकोन शंकरपाळ्यासारखा झाला तर पुढचे सगळे ओढले जातात आणि कागदाला सुरकुत्या पडतात. खळ पातळ नको. कागद भिजून रंग उतरतो आणि वाळताना फाटतो. झिरमिळ्या शेवटी लावा. वायर-होल्डरचं काम मुलांकडे देऊ नका. आत ९ वॅटचा एलईडी पुरतो, जुना ६० वॅटचा बल्ब अजिबात नको.

ए-२०३: किंमत किती ठेवू द्यायची? मुलं म्हणतात, माल ८० चा, १०० ला विकू.

बी-१०४: त्यांच्यासमोर हे मांडा. कातऱ्या, कटर, पट्ट्या मिळून समजा ९६० चा एकदाच होणारा खर्च. १०० ला विकलं तर नगामागे २० सुटतात, ३० नगांचे ६००. म्हणजे ३६० चा तोटा, मेहनत वेगळीच. २०० ला विकलं तर नगामागे १२०, आठव्या कंदिलाला खर्च निघतो. सगळे गेले तर हातात २६४०. नगाला दीड तास धरला तर ४५ तास, म्हणजे तासाला साधारण ५९ रुपये. वेळ रोज वहीत लिहायला लावा. पहिल्या नगाला तीन तासही लागतील.

डी-३०३: वहिनी, आणि आपण मोठ्यांनी कौतुकापोटी दोन-दोन घेऊ नयेत. किंमत बरोबर आहे की नाही ते मग मुलांना कसं कळणार? घ्यायचा असेल तर घासाघीस करून घ्या.

बी-४०१: अगदी बरोबर. शिवाय ३० एकदम करू नका. कंदील एकावर एक रचता येत नाहीत, दबले की कागद गेला. भाऊबीज झाली की उरलेल्याला गिऱ्हाईक नाही. आधी तीन नमुने, मग ५० रुपये आगाऊ घेऊन नोंदणी. वसुबारसेच्या आठ दिवस आधी नोंदणी बंद. आगाऊ आलेल्या पैशांतून पुढचा कागद येतो, उसनंही कमी लागतं.

डी-३०३: क्यूआर कोणाचा? आईच्या रोजच्या खात्यात पैसे आले की भाजीच्या बिलात मिसळतात. एक वेगळं खातं ठरवा. रोज रात्री वही आणि खातं जुळवायचं. पाच रुपये कमी आले तरी कुठे गेले ते शोधायचं.

ए-२०३: ठीक. रविवारी ११ वाजता क्लब हाऊसमध्ये तीन नमुन्यांचं सामान ठेवते. सी-५०२ काका, १० इंची आणि ९ इंची दोन्ही कामट्या आणाल?

सी-५०२: आणतो. कोणती घ्यायची ते मात्र मुलंच ठरवतील. आपण मधे बोलायचं नाही.