पाळत, टेहळणी की निगराणी?

सातारकर:
राजवाड्याजवळ एका दुकानावर पाटी आहे, 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात'. हे हिंदीतनं उचललंय का? सरळ पाळत किंवा टेहळणी म्हणायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ:
पाळत नाही चालणार. पाळत एखाद्यावर ठेवतात, नेम धरून. पेपरात येतं बघा 'पाळत ठेवून घरफोडी', म्हणजे चोरही ठेवतात आणि पोलीसही. दुकानातला कॅमेरा जो येईल त्याचं रेकॉर्डिंग करतो. टेहळणी बुरजावरची, अजिंक्यताऱ्यावरनं खाली कोण येतंय ते बघायचं, म्हणजे शत्रू बाहेरचा, आता कॅमेऱ्याचं तोंड आपल्याच माणसांकडं आहे त्यामुळं तोही जरा लंगडाच. निगराणी काय आणि आपली निगा काय, दोन्ही मूळ फारसीतले, पण निगा म्हटलं की काळजी आली, म्हणून पाटीवाल्यांना तो गोड वाटत असणार.

मिरजवाला:
पेगाससला, म्हणजे फोनमध्ये गुपचूप शिरणाऱ्या त्या सॉफ्टवेअरला, मात्र हेरगिरीच म्हणा. २०२१ ला गाजलं ते, लिंकसुद्धा दाबावी लागत नाही, माईक, कॅमेरा, मेसेज सगळं दुसऱ्याच्या ताब्यात. कंपनी म्हणते आम्ही फक्त सरकारांनाच विकतो, यात दिलासा कसला ते तेच जाणोत. आणि बहिर्जी नाईकांची समाधी आमच्या जिल्ह्यात बाणूरगडावर आहे, ते स्वतःचा जीव धोक्यात घालून हेरगिरी करायचे. इथं धोका फक्त ज्याचा फोन त्याला.

सातारकर:
मग फास्टॅगला काय म्हणणार? ओळखीतलं एक पोरगं पुण्याला जातो सांगून गाडी घेऊन गेलं अन् वडिलांच्या मोबाईलवर तासवडे टोलचा मेसेज 😄 (बाहेरच्यांसाठी: साताऱ्याहून पुण्याला जाताना आनेवाडी लागतो, तासवडे उलट कराडकडं.) पाळत कुणीच ठेवली नव्हती, नुसते पैसे कापल्याची नोंद.

कृष्णाकाठ:
तेच तर. पूर्वी आधी संशय मग पाळत, आता आधी सगळ्यांची नोंद आणि संशय येईल तेव्हा मागं जाऊन शोधायचं. टॉवरचं लोकेशन, नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे, चेहरा ओळखणारे, हे एकमेकाला जोडले की माणूस कुठल्या दवाखान्यात गेला, कुणाच्या सभेला बसला सगळं निघतं, आणि मशीननं चेहरा चुकीचा ओळखला तर निस्तरत बसायचं आपण. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या ९ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा मूलभूत हक्क आहे, तरी २०२३ च्या डेटा कायद्यात सरकारी यंत्रणांना सूट द्यायची सोय ठेवलीच. मी 'सरसकट पाळत' लिहितो, लांबडं आहे पण खोटं नाही.

मिरजवाला:
सरसकट म्हटलं की इकडं कर्जमाफीच आठवते राव.